नाथाजीची जीप किती बोटं उचलायची

नाथाजी हवालदाराची जीप ओढ्यात उतरली की मागच्या बाकांवरच्या बाया आपापले पाय वर उचलून धरायच्या. पाय उचलल्यानं गाडी हलकी होत नाही, हे नाथाजीनं त्यांना सात वर्षं सांगून पाहिलं. बायांचं म्हणणं, आम्ही उचलतो म्हणून तर एवढ्यावर भागतं. मग ओढ्याच्या मधोमध ठाण मांडून बसलेला काळा खडक जीपच्या पोटाला लागायचा, 'खट्ट' असा आवाज यायचा आणि सगळ्या बाया एका सुरात म्हणायच्या, "लागलं गं बाई!" त्या खडकाला वाडीत टेंगूळ म्हणत. टेंगूळ जीपला आलं होतं की ओढ्याला, हे मात्र कुणी कधी स्पष्ट केलं नाही.

वाडी म्हणजे माण तालुक्यातली कुरणवाडी. दहिवडीपासून अकरा किलोमीटर. त्यातलं निम्मं डांबर, निम्मी खडी आणि शेवटी हा ओढा. एसटी डांबर संपलं की तोंड फिरवायची. त्यापुढं वाडीतल्या माणसांना नाथाजीच्या वडापचा आधार. एसटी जिथं जात नाही तिथं माणसं, कोंबड्या आणि पेंडीची पोती एकत्र बसवून नेणारी जीप म्हणजे वडाप, आणि नाथाजी ते काम पलटणीत असल्यासारखं करायचा. सकाळी ठीक सातला हॉर्न. दुसरा हॉर्न नाही. "लाइन में आव!" असं तो बायांना म्हणायचा, आणि बाया बिनओळीनं, हव्या तशा चढायच्या. जीपही लष्करातलीच. लष्करानं मोडीत काढलेली नाथाजीनं लिलावात घेतली होती आणि तिला पांढरा रंग दिला होता. तो जिथं उडाला होता तिथून जुना हिरवा डोकावायचा.

नाथाजीनं लष्करात डायव्हरकी केली. लग्न झाल्यावरची नोकरी एकोणीस वर्षांची. वर्षाकाठी दोन महिने रजा. म्हणजे एकोणीस वर्षांत नवराबायको एका छपराखाली राहिले ते जेमतेम तीन वर्षं, आणि त्यातही निम्मा वेळ पाव्हण्यारावळ्यांत गेला. नव्वद सालाच्या आधी पेन्शन घेऊन तो घरी आला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला बर्फात गाडी चालवता येते, चढावर अडकलेला ट्रक काढता येतो, पण तानुबाईशी काय बोलायचं ते काही येत नाही. मुलगी विट्याला दिलेली, मुलगा मुंबईला. घरात दोघंच. "वाढू का?" "वाढ." "आनखी?" "नको." एवढ्यावर दिवस मावळायचा. भांडण नव्हतं बरं का. भांडायला तरी ओळख लागते.

ओळख झाली ती जीपमध्ये. बाजाराच्या दिवशी तानुबाई अंड्यांची पाटी घेऊन दहिवडीला निघायची आणि मागच्या बाकावर, बरोबर नाथाजीच्या पाठीमागं बसायची. पुढं, नवऱ्याच्या शेजारी बसणं तिला कुणी सुचवलंही नसतं. एकदा जीप हलली की मागं तिचं तोंड सुरू. तलाठ्याची नक्कल काय, विकलेली शेळी वाटेतून कशी पळून परत आली ते काय, जावेच्या डोहाळजेवणात कोण कुणाला काय बोललं ते काय! बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. नाथाजी पुढं बघून गाडी चालवायचा आणि कान मागं ठेवायचा. घरात 'आनखी?' एवढंच बोलणाऱ्या आपल्या बायकोला एवढं येतं, हे त्याला असं पाठीमागून कळलं. एकदा तर ती बायांना म्हणाली, "आमच्या मानसाला बोलायचं येत न्हाई, पर गाडी अशी हाकतो की अंडं फुटंल तर शपथ." ते वाक्य त्यानं पुढं कैक दिवस पुरवून पुरवून आठवलं. इतर दिवशी पस्तीस मिनिटांत दहिवडीला पोचणारी जीप बाजारादिवशी पन्नास मिनिटं घ्यायची. गोष्ट संपायच्या आत दहिवडी आली तर ती पुन्हा पहिल्यापासून थोडीच ऐकायला मिळणार होती?

अशा सुखाच्या दिवसांत शहाण्या माणसानं गाडीला हात लावू नये. पण शहाण्णव सालच्या मार्गशीर्षात साताऱ्याचा एक पोरगेला इंजिनिअर, शौनक त्याचं नाव, आपली जीप घेऊन ओढ्यावर आला. नाथाजी तेव्हा टेंगळानं डिझेलच्या टाकीला पोचा आणलाय का ते बघायला गाडीखाली आडवा झाला होता. त्यानं खालूनच पाहिलं. शौनकची जीप हातभर उंच वाटत होती, चाकं मोठी, आणि ती खडकावरून अशी गेली की खडक तिथं नव्हताच. नाथाजी सरपटत बाहेर आला.

"केवढी उचललीय?"

"सहा इंच, काका. पुण्यात किट बसवून घेतलं. तुमचीही उचला ना, एकदम मस्त होईल."

"रोज चालवता?"

"छे हो, रविवारी फक्त. डोंगराबिंगरात जायला. रोज ऑफिसला स्कूटरवर जातो, हिच्यात कंबर मोडते."

यातलं शेवटचं वाक्य नाथाजीनं ऐकलं नाही. म्हणजे कानावर पडलं, पण त्याचं मन तेव्हा सहा इंच वर होतं.

पुण्याचं किट वगैरे त्याच्या गावीही नव्हतं, पण पाटे त्याला ठाऊक होते. जीपचा सगळा भार खाली कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांवर असतो. एकावर एक रचलेल्या त्या पट्ट्यांना पाटे म्हणतात. पाटे बदलले की गाडी वर येते. त्याचा पलटणीतला दोस्त लालासाहेब कुंडलचा, त्यानं कुपवाडच्या कल्लाप्पा मिस्त्रीचं नाव फार पूर्वीच सांगून ठेवलं होतं. झालं, ठरलं.

"उद्या कुपवाडला जातोय," नाथाजी जेवताना म्हणाला. "पाटा बदलायचा हाय."

तानुबाईचा हात भाकरीवर थांबला. चेहरा एकदम उजळला. "आवं, बदलाच एकदाचा. पार झिजून गेलाय त्यो. मी बोलत न्हवते, म्हणलं तुमच्या ध्यानात कवा येतंय बघू."

नाथाजी चाट पडला. बायकोचं आपल्या गाडीवर इतकं बारीक लक्ष असतं!

"आन टाकी चांगली लावून घ्या," ती म्हणाली. "न्हाईतर चार दिसांत पुन्ना त्येच."

"टाकीचं तर लय महत्त्वाचं हाय," नाथाजी म्हणाला. डिझेलची टाकी नीट आवळून बसवली नाही तर टेंगूळ ती फोडणार, हे त्यालाही पटत होतं. त्या दिवशी नवराबायकोत सलग चार वाक्यं झाली. नाथाजी खूश होऊन झोपला.

कल्लाप्पाचं दुकान कुपवाडच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला होतं. दारात पाटा तुटलेले तीन ट्रक, आत भट्टी, ऐरण आणि तेलाचं पिंप. कल्लाप्पा पन्नाशीचा, बुटका, मनगटं जाडजूड. अंगात काजळीनं काळं झालेलं बनियन, पण कपाळावरची गंधाची उभी रेघ अगदी स्वच्छ. त्यानं जीपभोवती एक फेरी मारली.

"रोजची गाडी का कधीमधी?"

"रोजची. दोन खेपा."

"मागं कोण बसतंय?"

"सवाऱ्या."

"सवाऱ्या म्हंजे कोण? बापय, बाया, पोती?"

"आलं की सगळं त्यात," नाथाजी म्हणाला. दहिवडीतून इतक्या लांब येऊन माणसानं आपल्याला उंची विचारावी, तर हा सवाऱ्यांची चौकशी करतोय!

"चला, एक चक्कर मारून येऊ," कल्लाप्पा म्हणाला. "तुमी चालवा, मी मागं बसतो."

ही कल्लाप्पाची रीत होती, ती भट्टीवरच्या माणसानं नाथाजीला हळूच समजावली. मिस्त्री मागच्या बाकावर डोळे मिटून बसतात आणि जैनांचा णमोकार मंत्र म्हणतात. खड्ड्यातून जाताना मंत्र सलग निघाला तर पाटे बरोबर. जिथं आवाज अडकला, शब्द तुटला, तिथं पाट्यात खोट. कुठल्या पाट्यात तेही ते त्यावरून सांगतात. नाथाजीला हसू आवरेना. लष्करात इतकी वर्षं गाड्या हाकल्या त्यानं, सगळं मोजमाप टेपनं झालेलं.

"मिस्त्री, जप मागनं करा. मला सांजच्या आत निघायचंय. किती उचलती ते बोला."

कल्लाप्पानं वाद घातला नाही. तो जीपच्या चाकाशी उकिडवा बसला. "हे बगा हवालदार, उंची दोन रीतीनं येती. तुमचं हेच पाटं सोडवून, तापवून, त्यास्नी कमान जास्ती द्यायची आन एक पातळ लांब पाटा खाली घालायचा. गाडी मऊ ऱ्हाती, पर दोन बोटंच वर येती. आन पाच दिस लागत्यात. दुसरी रीत म्हंजे हे काढून ट्रकाचं दोन जाड पाटं चढवायचं. चार बोटं उंच, आन आज संध्याकाळी तयार."

"मग चार बोटंच."

"रोजच्या गाडीला दोन बोटं बास हायत. चार बोटं रविवारच्या गाडीला."

"चार!" नाथाजी म्हणाला आणि पंजा आडवा धरून दाखवला.

गिऱ्हाइकाचा पंजा बघून कल्लाप्पानं मान हलवली आणि कामाला लागला. नाथाजी निघताना एवढंच म्हणाला, "सवाऱ्या पाठीमागं असत्यात, डायव्हरला दिसत न्हाईत." नाथाजीनं रामराम ठोकला.

परतताना ओढ्यात शिरल्यावर त्यानं जीप मुद्दाम टेंगळाच्या मध्यावर घातली. आवाज नाही. काही नाही! नाथाजीनं ओढ्यात गाडी थांबवली, खाली उतरला, मागं जाऊन खडकाकडं बघितलं आणि त्याला सॅल्यूट ठोकला. बघायला कुणी नव्हतं म्हणून बरं.

घरी तानुबाई दारात उभीच होती. तिनं जीपमध्ये डोकावून बघितलं. मग बाकाखाली बघितलं.

"कुटं हाय?"

"काय?"

"पाटा!"

"ह्यो काय," नाथाजी जीपखाली बोट दाखवत अभिमानानं म्हणाला. "एक न्हाई, चार घातल्यात. दोन्ही अंगाला."

तानुबाई वाकली. खालच्या लोखंडाकडं तिनं बराच वेळ पाहिलं. तेव्हा कुठं नाथाजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्वयंपाकघरातला तो तिच्या सासूच्या वेळचा दगडी पाटा, वाटणाचा, ज्यावर आता मिरची नुसती घसरायची. आणि टाकी म्हणजे पाथरवट दगडाला छिन्नीनं खरबरीतपणा आणतो ती. डिझेलचा तिच्याशी काही संबंध नव्हता. तानुबाई आत गेली आणि त्या गुळगुळीत पाट्यावर मिरची वाटायला बसली, नेहमीपेक्षा जरा जोरानं.

दोन दिवसांनी बाजार आला. ठीक सातला हॉर्न. बाया आल्या आणि जीपच्या मागच्या फळकुटाशी थबकल्या. आधीच उंच असलेलं ते फळकूट आता त्यांच्या मांडीच्याही वर गेलं होतं. नाथाजी खाली उतरला आणि एकेकीला हात देऊन चढवू लागला. "चल आत्ये, हां, दुसरा पाय." सत्तरीच्या रंगूबाईचा नंबर आला तेव्हा एक पाय वर, एक खाली अशी ती मधेच अडकली. मग नाथाजीनं जीपमध्ये चढून वरून ओढलं, दोघींनी खालून ढकललं आणि रंगूबाई पेंडीच्या पोत्यासारखी आत पडली. "आगं आई गं! ह्यो उंट कुटनं आणलास रं नाथा?" ती पडल्या पडल्या म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

तानुबाई पाटी घेऊन सगळ्यांच्या मागं उभी होती. एरवी ती सगळ्यांत आधी चढायची, कारण तिची जागा सगळ्यांत आत. तिनं फळकुटाकडं पाहिलं, नाथाजीकडं पाहिलं, आणि पाटी रंगूबाईकडं वर दिली.

"आज न्हाई येत मी. कोंबडी खुडूक बसलीया."

ती वळली आणि घरी गेली. नाथाजी म्हणाला, "बरं." खुडूक कोंबडी सोडून कुणी बाजाराला कशाला जाईल!

त्या दिवशी टेंगूळ लागलं नाही. पण बाकी सगळं लागलं. ट्रकाच्या पाट्यांना चौदा बाया म्हणजे काहीच ओझं नव्हतं. ते जरासुद्धा दबत नव्हते. खडीवर गाडी अशी आदळायची की मागच्यांचे दात वाजायचे. कुणी बोलायला तोंड उघडलं की जीभ चावली जायची. दोघींनी प्रयत्न केला आणि सोडून दिला. नाथाजीच्या पाठीमागं नुसता खडखडाट होता. दहिवडी तीस मिनिटांत आली आणि तरी वाट लांबलचक वाटली.

बाजारात फिरता फिरता त्यानं हिशोब जुळवला. कोंबडीबिंबडी काही नाही, ती पाट्यावरनं रुसलीय. गडी कामाचा. त्यानं तिथल्या तिथं पाथरवटाकडून काळ्याभोर दगडाचा नवा पाटा-वरवंटा घेतला, टाकी समोर बसून लावून घेतली. शिवाय रंगूबाईची दैना पाहून जीपला मागं एक लोखंडी पायरी वेल्डिंग करून घेतली. एका दिवसात दोन बिघाड दुरुस्त. पायरी जीपच्या खाली लोंबत होती हे त्याच्या ध्यानात आलं ते ओढ्यात. जीप उचलल्यापासून टेंगळाला पहिल्यांदाच काहीतरी सापडलं होतं. 'खण्ण' झालं आणि पायरी तिथंच राहिली. पुढं ती कुणीतरी उचलून नेऊन गोठ्याच्या दारात लावली म्हणे.

पाटा मात्र घरी पोचला. तानुबाई हरखली. तिनं त्यावरून तळवा फिरवला, पाणी घालून धुतला, त्याला हळदकुंकू लावलं आणि त्याच संध्याकाळी तिळाची चटणी वाटली. नाथाजीला दोनदा वाढली. "लय झाक हाय," ती म्हणाली. नाथाजीनं मनातल्या मनात काम फत्ते झाल्याचा रिपोर्ट लिहिला.

पुढच्या बाजारी ती पाटी घेऊन आली, पाटी रंगूबाईकडं दिली आणि म्हणाली, "मला वाइच काम हाय घरात."

आता मात्र नाथाजीला कळेना. चटणी झाली, कौतुक झालं, मग हे काय? त्यानं चिडून गियर टाकला. मागं कंबर धरते म्हणून रंगूबाईला त्या दिवशी पुढं, त्याच्या शेजारी बसवलं होतं. वाटभर ती त्याचं तोंड बघत होती. दहिवडीला सगळ्या उतरल्या, ती उतरली नाही.

"काय रं, असा एरंडेल प्याल्यावानी का बसलाईस?"

नाथाजीनं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "मावशी, ती का येत न्हाई बाजाराला? पाटा बी आणून दिला नवा."

"पाटा?" रंगूबाईनं कपाळावर हात मारला. "आरं मुडद्या, तिला चढाय येत न्हाई! डावा गुडघा वर होत न्हाई तिचा, साल झालं. म्हाईत न्हाई तुला?"

नाथाजीला माहीत नव्हतं.

"मग तुमी चढवायचं की. तुमाला मी हात देतोच..."

"आमाला देतोस. आमी तुझ्या मावश्या, आत्या. तिला देणार हाईस का चारचौघात? वाडीत कुणी आपल्या बायकोचा हात धरून गाडीत बसवलाय कवा? आमी म्हणलं, तानू, आमी ढकलतो खालनं. तर म्हणती, घरच्या धन्याची गाडी, आन मी पोत्यागत चढू व्हय? त्यापरास घरी बरी." रंगूबाईनं पदर सावरला. "आन गड्या, तिच्याबिगर करमत न्हाई बघ गाडीत. तसं बी बोलाय कुटं येतंय म्हणा. जीभ तुटती."

ती उतरून गेली. नाथाजीला लाज वाटली. एकोणीस वर्षं ती हे अकरा किलोमीटर डोक्यावर पाटी घेऊन पायी तुडवत होती. तो गुडघा तिथंच झिजला असणार, आणि आपण झिजलेल्या पाट्याची चौकशी करत बसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे तो कुपवाडच्या वाटेला लागला.

कल्लाप्पानं त्याला बघून "आलासा?" एवढंच म्हटलं. कुठलाही मिस्त्री अशा वेळी चार शब्द ऐकवून घेतो, कल्लाप्पानं ऐकवले नाहीत. तो पाय धुऊन मागच्या बाकावर जाऊन बसला, नेमका ड्रायव्हरच्या पाठीमागं, आणि त्यानं डोळे मिटले. नाथाजीनं गाडी कारखान्यांच्या मागच्या फुटक्या रस्त्यावर घातली. मागून मंत्राचा पहिला शब्द आला, दुसरा निम्मा आला, मग नुसतं "हुं" आलं, मग काहीच आलं नाही. शेवटी कल्लाप्पा ओरडला, "थांबवा! देवाचं नाव चावायला लागलोय मी!"

गाडी थांबली.

"आता सांगा," तो म्हणाला. "हितं कोण बसतंय?"

"मंडळी," नाथाजी म्हणाला. आणि मग, का कोण जाणे, त्या अनोळखी माणसाला त्यानं सगळं सांगितलं. पाठीमागून ऐकू येणाऱ्या गोष्टी, पन्नास मिनिटांचा बाजार, गुडघा, आणि आता नुसता खडखडाट. पुढं तोंड करूनच सांगितलं. समोरासमोर बसून त्याला सांगता आलं नसतं.

कल्लाप्पानं ट्रकाचे पाटे उतरवले. जीपचे जुने पाटे त्यानं भिंतीला लावून ठेवले होते, ते भट्टीत घातले. लाल झालेला पाटा ऐरणीवर वाकवायचा, तेलात बुडवायचा, पुन्हा तपासायचा. पाच दिवस लागले. नाथाजी दुकानातच राहिला. कल्लाप्पाची बायको कस्तुरी सूर्य बुडायच्या आत त्याला जेवायला बोलवायची. पाच वाजता जेवायचं हे पहिले दोन दिवस त्याला जड गेलं, तिसऱ्या दिवशी तो साडेचारपासूनच घड्याळ बघू लागला. कस्तुरी आणि कल्लाप्पा जेवताना एकमेकांशी अखंड बोलायचे, निम्मं मराठी, निम्मं कन्नड. नाथाजी ते निमूट ऐकायचा.

चौथ्या दिवशी पाटे बसवायच्या आधी कल्लाप्पा म्हणाला, "एक इचारू? पयल्यासारखीच ठेवू का उंची? वर न्हाई, खाली न्हाई. मंडळी सात वर्सं चढत व्हत्या, तशाच चढतील. टेंगूळ लागंल म्हणा, पर सवय हाय तुमाला त्याची."

नाथाजीनं पाट्यांकडं पाहिलं. म्हटलं तर सोपं होतं. जीप जशीच्या तशी झाली असती, तानुबाई कशीबशी गुडघा रेटून चढली असती, आणि त्याला पुन्हा काही कळलं नसतं.

"पयल्या उंचीला बी गुडघा दुखतच असणार की," तो म्हणाला. "बोलली न्हाई, एवढंच."

"मग?"

"दोन बोटं," नाथाजी म्हणाला. "टेंगळाला तेवढी पायजेत. बाकीचं मी बघतो."

पाचव्या दिवशी कल्लाप्पा पुन्हा मागं बसला. खड्डे तेच, रस्ता तोच. मंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग आला. मग दुसऱ्यांदा आला. तिसऱ्यांदाही. "आता कशाला म्हणताय?" नाथाजीनं विचारलं. "आता माझ्यासाठी म्हणतोय, गाडी चालवा," मागून उत्तर आलं.

बाजाराच्या दिवशी ठीक सातला हॉर्न वाजला. बाया जमल्या. जीप उतरलेली पाहून रंगूबाई म्हणाली, "उंटाचं घोडं झालं गं!" तानुबाई पाटी घेऊन आली ती रंगूबाईकडं द्यायच्याच बेतानं. पण फळकूट खाली आलेलं पाहून तिचा पाय अडखळला. तिनं अंदाज घेतला, पाटी आत ठेवली, बाजूचा दांडा धरला आणि डावा पाय उचलला. पाय फळकुटाच्या अलीकडं थांबला. दोन बोटं कमी पडत होती. तिनं पाय खाली ठेवला आणि कुणाकडंही न बघता पाटी परत घ्यायला हात पुढं केला.

नाथाजी ड्रायव्हरच्या बाजूनं उतरला. जीपला वळसा घालून मागं आला. लष्करात जनरलसमोर उभं राहतानाही त्याचे कान इतके तापले नव्हते. तेरा बाया, दोन म्हातारे आणि दुधाची किटली घेतलेला एक गवळी अशी सगळी कुरणवाडी बघत होती. नाथाजीनं हात पुढं केला.

"चल."

तानुबाईनं त्या हाताकडं पाहिलं.

"आवं, मानसं बघत्यात."

"बघू दे."

तिनं हात धरला. नाथाजीनं दुसरा हात तिच्या कोपराखाली दिला, तिनं उजवा पाय आधी टाकला, आणि ती चढली. अलगद, मानानं, कुणाचा धक्का न लागता. आत जाऊन आपल्या जागेकडं वळायला निघाली तर हात सुटेना. नाथाजी खाली तसाच उभा होता, धरून.

तिनं खाली पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण तोंड मात्र बाजारादिवशीचंच होतं.

"एकोणीस वर्सं चालत गेले मी बाजाराला," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "तवा कुटं व्हता ह्यो हात?"

नाथाजी म्हणाला, "रजा मिळत न्हवती."

सगळी जीप खदाखदा हसली. तानुबाईही हसली, पदराच्या टोकानं डोळे टिपत.

"बरं, आता मिळाली तेवढी बास झाली," ती म्हणाली. "सोडा हात, आन गाडी काढा. मला लय सांगायचंय ह्यास्नी, दोन बाजार तुंबलंय."